मोटार शिकविणारा यंत्रमानव



या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास आणि अध्यात्म यांवर बोलणारी विद्वान मंडळी आपण ऐकत आला आहात. आम्ही मोटार कामगारांत वावरणारी माणसे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे आज आम्ही बोलणार आहोत ते हाताने केलेल्या कामाविषयी. एक लहानसा यंत्रमानव तयार करायचा, तो मोटारीत उस्तादाच्या पुढ्यात बसवायचा, आणि नवख्या माणसाला गाडी शिकविण्याच्या कामी त्याने हातभार लावायचा, असा उद्योग गेले दीड वर्ष आम्ही काही मंडळी करीत आहोत. आम्ही म्हणजे एस.टी.तून निवृत्त झालेले दोन ड्रायव्हर, एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे उस्ताद, आय.टी.आय.मधील तीन मुलगे व एक मुलगी, आणि या सर्वांना चहा पाजून भांडणे मिटविणारे आम्ही.

युनियनवाल्यांना हे काय सुचले, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर पुढे येईलच. पण नगरकरांना याचे आश्चर्य वाटू नये. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती नगरहून पुण्याला, हे येथील लहान पोरालाही ठाऊक आहे. त्याच्या आदल्या वर्षी, फाळणीच्या धामधुमीत, लष्करी मोटारींची तपासणी करणारे खाते रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून उठून नगरला आले. आज आपण जिला व्हीआरडीई म्हणतो, ती वाहन संशोधन व विकास संस्था त्यातूनच उभी राहिली. रणगाडे चालविण्याचे शिक्षण देणारी चिलखती दलाची शाळाही येथलीच, आणि रणगाड्यांचे संग्रहालयही. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण चाकाशी असलेले त्याचे नाते जुनेच आहे.

आता या नात्यातली एक विषमता पाहा. रणगाड्यावर बसणाऱ्या जवानाला आधी सिम्युलेटरवर, म्हणजे जागच्या जागी हलणाऱ्या खोट्या गाडीत, हात बसविता येतो. तेथे तो दहा वेळा चुकला तरी कोणी मरत नाही. उलट ट्रकवरचा क्लीनर गाडी शिकतो कशी? रात्री दोन वाजता उस्तादाचे डोळे मिटू लागतात, तो म्हणतो, "घे थोडा वेळ, सरळ रस्ता आहे," आणि भरलेल्या ट्रकचे चाक पोराच्या हाती येते. हेच त्याचे विद्यालय. आमच्या ओळखीच्या निम्म्या ड्रायव्हरांनी याच विद्यालयाची पदवी घेतलेली आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, असा केंद्र सरकारचाच आकडा आहे. त्यांतील किती शिकविण्यातल्या उणिवेने गेली हे कोणी वेगळे मोजीत नाही. अपघात झाला की कागदावर ड्रायव्हरचे नाव येते, त्याला शिकवलेच नव्हते ही गोष्ट कागदावर येत नाही.

यंत्रमानवाला इंग्रजीत रोबोट म्हणतात. हा शब्द इंग्रजांचा नव्हे. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले, त्यात कारखान्यात बनविलेली कृत्रिम माणसे आहेत. त्यांना काय म्हणावे हे त्याला त्याच्या भावाने सुचविले. मूळ चेक शब्द रोबोटा. त्याचा अर्थ वेठ. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची जी सक्ती असे, ती. वाचनालयात हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. म्हणजे ज्या प्राण्याला लोक कामगाराचा शत्रू समजतात, त्याचे नावच मुळी वेठबिगाऱ्याचे आहे! आणि चापेकच्या नाटकात ही कृत्रिम माणसे शेवटी बंड करतात, हेही युनियनवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यंत्राने माणसाला वाहन शिकवावे ही कल्पना मात्र नाटकातली नाही, ती भात्यातून निघाली आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या बापाचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना. आपल्याकडे पेटीला जसा भाता असतो तसे भाते, हवेच्या नळ्या आणि झडपा यांत तो लहानाचा मोठा झाला. त्याला विमान शिकायचे होते, पण शिकवणी महाग. म्हणून १९२९ च्या सुमारास त्याने ऑर्गनचे भाते लावून एक ठेंगणे विमान बनविले. ते जमिनीवरच राही, पण दांडा ओढला की नाक वर करी, वळविला की कलंडे. गंमत अशी की विमान चालविणाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरविली आणि गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेतल्या करमणूकवाल्यांचे. पुढे १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम पडले. खराब हवेत, नुसत्या काट्यांकडे पाहून विमान चालविण्याची सवय नसल्यामुळे त्यांतले बरेच जण मेले. तेव्हा कोठे लष्कराने लिंकची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्याच खोट्या विमानावर शिकले. माणसे मेल्याखेरीज शिक्षणावर पैसा खर्च होत नाही, हा अनुभव काही फक्त आपल्याच देशातला नाही. मोटारीच्या बाबतीत तोच प्रयोग १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या एटना या विमा कंपनीने केला: वर्गात खोट्या मोटारी मांडायच्या, समोर पडद्यावर रस्त्याचा सिनेमा लावायचा. विमा कंपनीला यात रस का, हे सांगायला नकोच.

पण आमच्या कामाला सर्वांत जास्त उपयोग झाला तो तिसऱ्याच एका यंत्राचा. १९५६ साली इंग्लंडमध्ये गॉर्डन पास्क आणि त्याच्या सोबत्याने कामगारांना एक धंदा शिकविणारे यंत्र बनविले. त्याचे नाव साकी. नाट्यपदांतली साकी नव्हे, इंग्रजी आद्याक्षरांची. त्या काळी हिशेबाची यंत्रे भोके पाडलेल्या कार्डांवर चालत, आणि ती भोके पाडायला बायका-पुरुष कळफलकासमोर बसत. साकी त्यांना दिवा लावून दाखवी की पुढचे बटण हे. शिकणाऱ्याचा हात एखाद्या बटणावर बसला की त्या बटणाचा दिवा मंद होई आणि वेळही थोडा कमी मिळे. तो अडखळू लागला की दिवा पुन्हा उजळे. म्हणजे शिष्याला येऊ लागले की गुरूने मागे सरायचे. चांगला उस्ताद हेच करतो. पहिल्या दिवशी तो सारखा बोलत असतो, दहाव्या दिवशी खिडकीतून बाहेर पाहत बसतो. पण त्याचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर असतो.

आता आमच्या यंत्राकडे येतो. ते पाहून कोणाचीही निराशा होईल. सिनेमातल्यासारखे हात, पाय, छाती काही नाही. चहाच्या मध्यम डब्याएवढे धड, त्यावर मान, मानेवर पत्र्याचे गोल डोके. डोके दोन लहान मोटरींवर डावी-उजवीकडे आणि खाली-वर वळते. पोटात एक छोटे संगणकफळ आहे. रास्पबेरी पाय असे त्याचे नाव. इंग्लंडात २०१२ साली शाळकरी मुलांना शिकण्यासाठी म्हणून ते स्वस्तात काढण्यात आले. त्याच्या जोडीला झटका व कल मोजणारी एक चिप, रस्ता पाहणारा एक कॅमेरा, आणि क्लचच्या पायपट्टीला तारेने जोडलेली एक फिरती चकती. जुन्या रेडिओत आवाज लहानमोठा करण्याच्या बटणामागे असते तीच ही चकती. क्लच किती दाबला, किती सोडला, हे तिच्यावरून यंत्राला कळते. स्टिअरिंगला, ब्रेकला, ॲक्सिलरेटरला ते काहीही करीत नाही. त्याला गाडी चालविता येत नाही आणि आम्हांला ती त्याला शिकवायचीही नाही.

डोके आधी मुलांनी प्लॅस्टिकचे छापून घेण्याचे ठरविले होते. निवृत्त ड्रायव्हरांनी विचारले, एप्रिलात दुपारी बंद गाडीत हात लावून पाहिलाय का कधी? त्या जातीचे प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. मग पत्र्याची कामे करणाऱ्या एका कारागिराकडून डोके ठोकून घेतले. वीजही गाडीच्या बॅटरीवरून थेट घेत नाही, कारण सेल्फ मारला की क्षणभर विजेचा दाब पडतो आणि संगणक झोपी जातो. त्याला स्वतंत्र लहान बॅटरी आहे.

नुसता मोबाइल लावून का भागत नाही, डोके कशाला, असाही प्रश्न येतो. पाश्चात्त्य देशांतही तो विचारला गेला आहे, अमेरिकेतील एम.आय.टी.ने २००९ साली फोक्सवॅगनबरोबर ऐडा नावाचे एक छोटे डॅशबोर्डावरचे डोके बनविले होते, ते ड्रायव्हरला रस्त्याची माहिती सांगे. आमचे कारण साधे आहे. पडद्यावर काही उमटले की शिकाऊ माणूस ते वाचायला जातो आणि रस्ता सोडतो. पण डोळ्याच्या कडेला काही वळले तर ते वाचावे लागत नाही. आमचे यंत्र वळणापूर्वी आरशाकडे मान वळविते. शिकाऊ माणसाची मान तिच्यामागे वळते. आठ दिवसांनी त्याची मान आधी वळू लागली की यंत्र आपली वळविणे थांबविते.

बोलण्याचा प्रश्न मोठा वादाचा झाला. यंत्राने 'तू' म्हणावे की 'तुम्ही', यावर एक आख्खी संध्याकाळ गेली. उस्तादांचे म्हणणे, 'अरे-तुरे' केल्याशिवाय शिकवणे अंगात शिरत नाही. मुलीचे म्हणणे, पत्र्याच्या डब्याने आपल्याला 'ए' म्हटलेले चालणार नाही. दोन्ही तऱ्हा आम्ही मैदानावर करून पाहिल्या आणि निराळेच निष्पन्न झाले: शिकणाऱ्याचे कान इंजिनाच्या आवाजाने भरलेले असतात, त्यात शब्द आला की पाय अडखळतो, मग तो 'तू' असो की 'तुम्ही'. तोडगा एस.टी.च्या ड्रायव्हरने काढला. तो म्हणाला, "तीस वर्षं कंडक्टर माझ्याशी बोललाच नाही. घंटी वाजवायचा." महाराष्ट्रात असा माणूस सापडणार नाही ज्याला एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला हे कळत नाही. यंत्रात आम्ही घंटी बसविली. क्लच नीट सुटला की दोन घंट्या. पुढे धोका, थांब, तर एक. बाकीचे बोलणे उस्तादाचे.

क्लचवर थोडे थांबतो, कारण गाडी शिकण्यातली निम्मी भीती डाव्या पायात असते. इंजिन फिरत असते आणि चाके थांबलेली असतात. या दोघांची गाठ घालणारी तबकडी म्हणजे क्लच. ती एकदम भिडली की गाडी उडी मारते आणि बंद पडते. मागून हॉर्न सुरू होतात, शिकाऊ माणसाला घाम फुटतो, आणि दुसऱ्या खेपेला तो अधिकच घाईने पाय सोडतो. तबकड्या नुकत्या घासू लागतात ती जागा, जिला आपण हाफ क्लच म्हणतो, ती दिसत नाही. उस्तादाला ती तळव्यातून कळते. "गाडी कुरकुरली की पाय तिथंच धर," असे ते सांगतात. पण नवख्याला कुरकुर ऐकू येत नाही, त्याला सगळाच आवाज ऐकू येतो. शिवाय ही जागा प्रत्येक गाडीत निराळी, आणि तबकडी झिजत जाते तशी तीच गाडी सहा महिन्यांनी निराळी. म्हणून रोज सकाळी शिकवणी सुरू होण्यापूर्वी उस्ताद स्वतः तीन वेळा गाडी उचलतात. यंत्र पायपट्टीची जागा आणि इंजिनाचा थरकाप यांची सांगड घालून ती खूण टिपून घेते. मग दिवसभर शिकणाऱ्याचा पाय त्या खुणेवर आला की बारीक टिकटिक करते. म्हणजे हे यंत्र आधी उस्तादाचे शागीर्द आहे. त्यांनी सकाळी वर्ग घेतला नाही तर त्याला दिवसभर काही येत नाही.

हे पाहीपर्यंत उस्ताद आमच्यावर रुष्ट होते. युनियनच्या कचेरीत येऊन त्यांनी तोंडावर विचारले होते, "साहेब, आयुष्यभर आमच्या पोटासाठी भांडलात, आणि आता आमच्याच पोटावर पाय आणताय?" हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आम्ही त्यांच्यापुढे कायद्याचे पुस्तक ठेवले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शिकाऊ माणसाच्या शेजारी गाडी आवरू शकेल असा परवानाधारक माणूस बसलाच पाहिजे, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिकविणाऱ्याच्या बाजूनेही ताबा असला पाहिजे. डब्याला परवाना मिळत नाही. तेव्हा यंत्र उस्तादाची खुर्ची घेणार नाही. पण खुर्ची जाण्याचा धोका दुसरीकडून आहे. २०२१ साली केंद्र सरकारने मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. तेथे सिम्युलेटर हवा, चाचणीचा स्वतंत्र मार्ग हवा. हलक्या गाडीचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत २९ तासांचा, जड गाडीचा सहा आठवड्यांत ३८ तासांचा. आणि तेथून उत्तीर्ण झालेल्याला आर.टी.ओ.ची चाचणी द्यावी लागत नाही. अभ्यासक्रम चांगला आहे. शिकविण्याचे तास कोणीतरी एकदाचे मोजले, याला आम्ही विरोध करणार नाही. पण एक गाडी, एक फळा आणि एक फाटके चिन्हांचे चित्र एवढ्या भांडवलावर चालणारा तालुक्याच्या गावचा उस्ताद सिम्युलेटर कोठून आणणार? ज्याच्याजवळ यंत्र आहे तो ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याला खातो. माग गेला आणि गिरणी आली तेव्हाही हेच झाले. म्हणून आम्ही म्हटले, उस्तादाच्या खिशाला परवडेल असे एक यंत्र उस्तादाच्या मालकीचे असू द्या.

ते आठवडाभर आले नाहीत. नंतर आले आणि थेट मुलांना विचारू लागले की पावसात काच धूसर झाली तर याच्या कॅमेऱ्याचे काय.

शिकणाऱ्यांपैकी एक पारनेर तालुक्यातल्या बाई होत्या. घरी टेंपो उभा, चालविणारा माणूस आजारी, आणि रोज भाजीपाला नगरच्या बाजारात आणायचा. त्यांना भीती गाडीची नव्हती, हसणाऱ्यांची होती. त्या म्हणाल्या, "हा डबा हसत नाही, तेवढं बरं." उस्तादांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या कडेला बसणाऱ्या रिकामटेकड्या पोरांना ते हाकलू लागले. हे काम काही यंत्राला जमले नसते.

आणखीही पुष्कळ काही त्याला जमत नाही. आपल्या जिल्ह्याचा रस्ता म्हणजे निव्वळ डांबर नव्हे. गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर चाललेला असतो, त्याला मागे दिवा नसतो, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. आषाढात दिंड्या येतात. मेंढरांचा कळप येतो, आणि एक मेंढरू पलीकडे गेले की सगळी त्याच्यामागे जाणार, हे धनगराला ठाऊक असते आणि जुन्या ड्रायव्हरला ठाऊक असते. कॅमेऱ्याला फक्त एक मेंढरू दिसते. सायकलवर कडब्याचा भारा घेतलेला म्हातारा मागे न पाहता उजवीकडे वळणार आहे, हे त्याच्या खांद्यावरून ओळखायला वीस वर्षे लागतात.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला तिच्याकडे वळतो. हे यंत्र शिकणाऱ्याच्या सगळ्या चुका टिपते. टिपल्याशिवाय त्याला शिकविताच येणार नाही. कोठे गाडी बंद पडली, किती वेळा ब्रेक झटक्याने लागला, आरसा किती वेळा पाहिला नाही. हा टिपलेला हिशेब कोणाचा?

आमच्या उद्योगाची वार्ता फुटल्यावर एका वाहतूकदाराने निरोप पाठविला. त्यांना असे वीस डबे हवे होते. पैसेही चांगले देणार होते. मात्र शिकाऊ पोरांसाठी नव्हे, तर नोकरीत असलेल्या ड्रायव्हरांवर ठेवायला. महिन्याच्या शेवटी कोणी किती वेळा जोराने ब्रेक मारला याची यादी हवी होती. आम्ही नाही म्हटले. आता याला कोणी अडेलपणा म्हणेल, म्हणून कारण सांगतो.

करंजीचा घाट घ्या, किंवा इमामपूरचा. जुना नियम असा की ज्या गिअरवर चढ चढाल त्याच गिअरवर उतरा. इंजिनच गाडी ओढून धरते, ब्रेकला विसावा मिळतो. सारखा ब्रेक दाबून उतरले तर तो तापतो आणि ऐन वळणावर हात देत नाही. हे प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. तरी कित्येक जण उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात. का? कारण डिझेलचा ॲव्हरेज बसला नाही तर पगारातून पैसे जातात, निदान बोलणी बसतात. आता डब्याच्या यादीत काय येणार? ब्रेक झटक्याने लागला, इतक्या वाजता, अमुक ड्रायव्हर. ॲव्हरेजचा आकडा कोणी ठरविला, गाडीत माल किती जास्त भरला, आदल्या रात्री त्या माणसाला झोप किती मिळाली, यांतले काहीही त्या यादीत येणार नाही. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. पण त्याला जेवढे विचारावे तेवढेच ते सांगते, आणि प्रश्न विचारणारा एकाच बाजूचा असतो.

याचा अर्थ यंत्राने माणसाला तपासूच नये, असा आम्ही घेत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बंगळूर येथील संशोधन शाखेने हॅम्स नावाची एक योजना तयार केली. तिच्यात गाडीच्या पुढच्या काचेवर एक साधा स्मार्टफोन लावतात. त्याचा एक कॅमेरा ड्रायव्हरकडे पाहतो, दुसरा रस्त्याकडे, आणि फोनमधल्याच चिपा गाडीचे हेलकावे मोजतात. २०१९ साली डेहराडूनला लायसन्सच्या चाचणीसाठी तिचा वापर सुरू झाला. गाडीत इन्स्पेक्टर बसत नाही. निकाल यंत्र लावते. आम्हांला हे पसंत आहे. लायसन्सच्या चाचणीत मधल्या माणसांची किती दुकाने चालतात हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यंत्राला पाकीट देता येत नाही. परीक्षा यंत्राने घेतली तर गरिबाचा फायदाच होईल.

पण परीक्षा वेगळी आणि शिकवणी वेगळी. परीक्षेत चूक मोजायची असते, शिकवणीत ती करू द्यायची असते. शिकणारा माणूस जर असे समजून चालला की माझी प्रत्येक चूक उद्या मालकाच्या टेबलावर, विमा कंपनीच्या दप्तरात किंवा पोलिसांच्या कागदावर जाणार आहे, तर तो चूक करणार नाही असे नाही. तो चूक झाकायला शिकेल. घाटात इंजिनाऐवजी डब्यालाच सांभाळील. मग त्या डब्याने त्याला शिकविले काय?

म्हणून आम्ही ठरविले ते असे. यंत्राची सगळी आठवण नखाएवढ्या एका कार्डात असते. शिकवणी संपली की ते कार्ड काढून शिकणाऱ्याच्या हातात द्यायचे. यंत्राजवळ उरते ती फक्त सकाळची उस्तादाची क्लचची खूण. दुसऱ्या दिवशी शिकणाऱ्याने कार्ड आणले तर यंत्र कालच्या ठिकाणापासून पुढे सुरू करते. नाही आणले तर पहिल्यापासून. इंटरनेटला ते जोडलेलेच नाही. मुले नाराज झाली, कारण जोडले असते तर शंभर जणांच्या चुका एकत्र करून यंत्र अधिक हुशार करता आले असते. त्यांचे म्हणणे चूक नव्हे. आम्ही त्यांना म्हटले, ज्याला स्वतःहून कार्ड द्यायचे असेल त्याच्याकडून घ्या, आणि नाव पुसून घ्या. आतापर्यंत सात जणांनी दिली आहेत. पारनेरच्या बाईंनी दिले नाही. कारण विचारले नाही.

एका गृहस्थांनी आम्हांला मुद्दाम गाठून विचारले, एखाद्याने कार्ड फेकून दिले तर? देऊ द्या फेकून. आमच्या पिढीत किती जणांनी शाळेचे प्रगतिपुस्तक विहिरीत टाकले!

व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला आहे, आणि त्यात संमतीचे कलम आहे. पण नोकरी देणाऱ्यापुढे उभा असलेला ड्रायव्हर संमती देतो म्हणजे काय देतो, हे आम्ही चांगले जाणतो. कोऱ्या कागदावर अंगठा उठविणारेही संमतीच देत असत. म्हणून युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात, पगार आणि रजेच्या खाली, आम्ही एक नवे कलम घालणार आहोत: गाडीत यंत्र बसविले तर त्याने टिपलेल्या नोंदीची एक प्रत त्याच दिवशी ड्रायव्हरला मिळावी, त्या नोंदीशेजारी त्या दिवसाचे कामाचे तास, भरलेला माल आणि ठरविलेला ॲव्हरेज यांचीही नोंद असावी, आणि शिकाऊ काळातील नोंद नोकरीच्या कामी कोणीही मागू नये. मसुदा करताना वकिलांनी विचारले की 'यंत्र' या शब्दाची व्याख्या काय घालायची. त्यावर अजून वाद चालू आहे.

यंत्राचे काम पुष्कळ बाकी आहे. आजवर ते मोकळ्या मैदानावर आणि रहदारी नसलेल्या रस्त्यावरच वापरले आहे. चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलण्याचा धडा चालू महिन्यात घेतला जाईल. त्यात हँडब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम सांभाळायचे, म्हणून आणखी एक चकती बसवावी लागेल. पावसाळ्यात काच धूसर होण्याचा उस्तादांचा प्रश्न तसाच उभा आहे. आणि निवृत्त ड्रायव्हरांचा आग्रह आहे की पुढचा डबा ट्रकसाठी करावा, क्लीनरच्या जागेवर बसणारा. त्यांनी त्याचे नाव आधीच ठेवून टाकले आहे.

यंत्र आम्ही बरोबर आणले आहे. ते सभागृहाबाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी ठेवले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य पाहावे. उस्ताद तेथे उभे आहेत, ते माहिती देतील. बॅटरी मात्र काढून ठेवली आहे, कारण व्याख्यान सुरू होण्यापूर्वी मुलांनी घंटी वाजवून वाजवून दोनदा अध्यक्षांना दारापर्यंत आणले होते.